हायडलबर्गला निघालेल्या मुलीचे पहिले पाच दिवस

प्रश्न थोडक्यात असा : बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका आईंची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑगस्टमध्ये ती चार आठवड्यांच्या जर्मन भाषेच्या उन्हाळी वर्गासाठी जर्मनीत हायडलबर्गला चालली आहे. घराबाहेर एकटी कधी राहिलेली नाही, विमानातही पहिल्यांदाच बसणार. आई विचारतात, पहिल्या दिवसांत तिने काय करावं, कुठे अडेल, खाण्यापिण्याचं कसं होईल, आजीने फराळाचे डबे भरायला घेतलेत त्याचं काय, आणि "मी सकाळ-संध्याकाळ फोन केला तर चालेल ना?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल. नाही चालणार. का, ते पुढे येतंच.

मी बडोद्यात बावीस वर्षं जर्मन शिकवते आहे. दर उन्हाळ्यात चार-सहा मुलं अशा वर्गांना जातात. तीनदा मीही त्यांच्याबरोबर गेले. इतक्या वर्षांत अभ्यास जमला नाही म्हणून कुणी रडलेलं मला आठवत नाही. रडली ती किल्लीपायी, रविवारपायी आणि खोलीतल्या शांततेपायी. म्हणून व्याकरण बाजूला ठेवून त्याच क्रमाने सांगते.

किल्ली. जर्मन विद्यापीठांचे तास जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतात. तिथली मुलं गावी जातात आणि वसतिगृहांतल्या रिकाम्या खोल्या अशा पाहुण्या मुलांना मिळतात. म्हणजे तुमची लेक पोचेल तेव्हा मजला अर्धाअधिक रिकामा असेल. किल्ली असते हाऊसमाइस्टरकडे, इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे, आणि त्याची वेळ संपली की संपली. आपल्याकडे वॉचमनकाकांना हाक मारून उठवता येतं. तिथे उठवायला कुणी नसतं. माझा एक विद्यार्थी शनिवारी रात्री अकराला दारात जाऊन उभा राहिला. किल्ली कुठून घ्यायची हे त्याने विचारलं नव्हतं आणि समोरच्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. रात्र स्टेशनवर बॅगेवर डोकं टेकून काढली. घरी मात्र "पोचलो, सगळं मस्त" असा मेसेज केला होता.

तेव्हा आजच तिला वर्गाच्या ऑफिसला एक ई-मेल पाठवायला सांगा. त्यात तीनच प्रश्न : किल्ली कुठे आणि कुणाकडे मिळेल, किती वाजेपर्यंत मिळेल, आणि विमान उशिरा आलं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. उत्तर कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवायचं. प्रवेशाचं पत्र, राहण्याचं पत्र, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद (शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा लागतो) हेही तिथेच. फ्रँकफर्टला पासपोर्टच्या खिडकीत "कशासाठी आलात, किती दिवस, राहणार कुठे" एवढंच विचारतात, पण फोनची बॅटरी संपलेली असेल तर तेवढंही अवघड होऊन बसतं. आता बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात, म्हणून रांगेत वेळ लागतो. पुढच्या रेल्वेचं तिकीट अगदी घट्ट वेळेचं काढू नका. फ्रँकफर्ट विमानतळापासून हायडलबर्ग रेल्वेने साधारण तासाभरावर आहे, बऱ्याचदा मानहाइमला गाडी बदलावी लागते.

किल्ली मिळाली तरी तिची गोष्ट संपत नाही. तिथली दारं ओढली की आपोआप बंद होतात आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. मी स्वतः पहिल्यांदा गेले तेव्हा दुसऱ्याच सकाळी गाऊनवर, हातात टूथब्रश घेऊन, खोलीबाहेर अडकले होते. शेजारच्या कोरियन मुलीने मला तिचा स्वेटर दिला आणि आम्ही दोघी हाऊसमाइस्टरची वाट पाहत जिन्यात बसलो. ती माझी तिथली पहिली मैत्रीण, हा नफा झाला. पण रात्री कुलूपवाला बोलवावा लागला तर शंभर-दोनशे युरो सहज जातात. शाळेच्या ओळखपत्राची असते तशी नाडी घ्या आणि किल्ली गळ्यात. संडासला जातानाही. हसू द्या कुणी हसलं तर.

खोलीवरून एक आठवलं. आपल्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. पोचले तेही उन्हाळ्यातच, जुलैमध्ये. खोलीचा आणि जेवणाचा मेळ बसायला त्यांनाही थोडे दिवस लागले. मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी परतले, तेव्हा मात्र याच गावात त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही. कमाटी बागेत ज्या झाडाखाली ते बसले होते ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. लेकीला जाण्याआधी एकदा तिथे घेऊन जा. परक्या गावात कुणी दार उघडलं तर त्याची किंमत काय असते, हे तिला मी सांगण्यापेक्षा तिथे जास्त कळेल.

आता पहिली संध्याकाळ. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तिचं शरीर म्हणेल साडेबारा वाजले, आणि खिडकीबाहेर मुलं फुटबॉल खेळत असतील. पोचल्या पोचल्या ती संध्याकाळी सहाला झोपली तर पहाटे दोनला टक्क जागी होणार, आणि त्या वेळी इथे साडेपाच, म्हणजे तुम्ही दूध तापवत असाल. मग फोन, मग रडणं. तिला सांगा, अंघोळ कर, चादर घाल, बाहेर पड, नदीकाठी एक फेरी मार, जेव आणि नऊनंतरच आडवी हो. नेकार नदी गावातूनच वाहते, रस्ता चुकायची भीती नाही. नळाचं पाणी थेट प्यायला चालतं. बाटली विकत घेतलीच तर टाकायची नाही. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतलेली असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की परत मिळते.

तेवढ्यात रविवार येतो. असे वर्ग बहुतेक सोमवारी सुरू होतात, त्यामुळे मुलं शनिवारी-रविवारी पोचतात, आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद. आपल्या मंगळबाजारासारखं नाही, की रविवारीच जास्त गर्दी. मोठ्या स्टेशनांमधली दुकानं उघडी असतात, हे तिला माहीत असू द्या. पण पहिल्या रात्रीचं आणि दुसऱ्या सकाळचं खाणं सोबत हवंच. मेथीचे ठेपले त्यासाठी उत्तम, सोबत कोरडी चटणी.

आणि इथे आजींची समजूत काढायचं काम तुमच्यावर आलं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे नाहीत, तुपाची बरणी नाही, श्रीखंडाचा डबा नाही. आंबेसुद्धा नाहीत, कारण ताज्या फळांना आणि पाल्याला आपल्याकडच्या कृषी खात्याचा दाखला लागतो. म्हणून कढीपत्त्याची जुडीही नको. चकली, शंकरपाळे, लीलो चेवडो, लोणच्याची छोटी पुडी इतकं पुरे. लोणचं कपड्यांच्या बॅगेत, तीन पिशव्यांत बांधून. एका मुलाचे सगळे शर्ट चार आठवडे मोहरीच्या तेलाचा वास देत होते, वर्गात त्याला कुणी काही म्हणालं नाही, पण खिडक्या उघडायला लागले.

ती शाकाहारी असेल तर "मांस नको" एवढं म्हणून भागत नाही. काही जणांच्या हिशेबात मासा किंवा भाजीतले डुकराच्या चरबीचे तुकडे मांसात धरत नाहीत. "फेगेटारिश" हा एक शब्द पक्का पाठ करायचा. अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांगायला हवं. केक आणि ताज्या पास्त्यात ते असतंच. विद्यार्थ्यांच्या खानावळीला मेन्सा म्हणतात. तिथे शाकाहारी काहीतरी रोज मिळतं, बटाटा बऱ्याचदा त्यात असतोच. घरचं हवंसं वाटेल तेव्हा सामाईक स्वयंपाकघर आहे.

पण फोडणी जपून! छताला धुराची घंटा असते. हिंग-मोहरी तडतडली, मिरची करपली की ती केकाटते. ऑगस्ट म्हणजे बहुतेक श्रावण; एका वर्षी आमच्यातल्या एकीने श्रावणी सोमवारी खोलीत उदबत्ती लावली. दहा मिनिटांत अख्खी इमारत खाली अंगणात उभी, कुणी टॉवेलवर, कुणी अर्धवट दाढी करून. अग्निशामक दल उगाच आलं तर त्याचे पैसेही लागू शकतात. खिडकी उघडी, वर झाकण, आच मंद, आणि खोलीत काहीच पेटवायचं नाही. नमस्कार उदबत्तीशिवायही होतो.

सोमवारी परीक्षा. घाबरू नका, ही फक्त कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवायला असते. इथे आपल्या मुलांची एक वेगळीच पंचाईत होते, आणि ती दर वर्षी होते. आपली मुलं पेपर सोडवण्यात पटाईत. रिकाम्या जागा भरा, योग्य रूप लिहा, यात ती स्पेन-इटलीच्या मुलांच्या पुढे जातात आणि वरच्या वर्गात बसतात. मग शिक्षक भरभर बोलायला लागतात आणि आपली हुशार मुलगी दोन दिवस नुसती मान डोलावत राहते. स्पॅनिश मुलगा चार चुका करत का होईना, बोलत असतो. तिला सांगा, दोन दिवसांनंतरही वीस मिनिटांच्या बोलण्यातलं अर्धंही समजत नसेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन खालचा वर्ग मागून घे. बदल पहिल्या आठवड्यातच सोपा असतो. ही नामुष्की नाही. आपल्याकडे वर्ग उतरणं म्हणजे नापास होणं, तसा अर्थ तिथे कुणी लावत नाही. याउलट, मला विचाराल तर वर बसून गप्प राहणं हा खरा पैशांचा चुराडा.

बोलण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बडोद्याच्या मराठी मुलीला इथे एक फायदा आहे आणि तो तिला माहीत नसतो. घरात मराठी, जिन्याखाली उतरलं की गुजराती, कॉलेजात इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. अर्धी समजलेली भाषा वापरून काम भागवणं ती जन्मापासून करते आहे. तुमच्या सासूबाई खंडेराव मार्केटमध्ये भाजीचा भाव करतात तेव्हा त्यांचं गुजराती काय शुद्ध असतं? पण भाजी स्वस्त आणतात ना. जर्मन असंच बोलायचं. शिवाय तीन लिंगांचा धसका बाकीच्या देशांच्या मुलांना बसतो तसा आपल्याला बसत नाही; तो-ती-ते आपल्या तोंडात आहेच आणि गुजरातीतही आहे. जर्मनमध्ये डेअर म्हणजे तो, दी म्हणजे ती, दास म्हणजे ते. जेवणाच्या टेबलावर चमचा डेअर लोफेल, काटा दी गाबेल, सुरी दास मेसर. आपल्याकडे चमचा तो, काटाही तो आणि सुरी ती. म्हणजे चमच्यावर एकमत, बाकी दोन पाठ करायचे. पहिल्या आठवड्यात पाठ करायचंच असेल तर असं हाताला लागणाऱ्या वस्तूंचं करावं.

वर्गात भारतीय मुलं असतील, कदाचित आणंद-नडियादचीही. त्यांच्याशी ओळख ठेवावी, पण पहिल्या दिवशी शेजारी बसू नये. पहिल्या दिवशी जिथे बसतो तीच जागा महिनाभर राहते, हे मी तीनही खेपांना पाहिलं. तुर्की, ब्राझिलियन, जपानी, कुणीही शेजारी असलं की नाइलाजाने जर्मन बोलावं लागतं.

वेळापत्रकावर एक गंमत सापडेल. व्याख्यानापुढे "सी. टी." लिहिलं असेल तर नऊचं व्याख्यान सव्वानऊला सुरू होतं, ही तिथल्या विद्यापीठांची जुनी पद्धत. "एस. टी." लिहिलं असेल तर ठोक्याला नऊ. तिथली एस. टी. वेळेवर असते, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता तुमचा फोन.

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं नवं असतं, मजा वाटते. तिसऱ्या किंवा चौथ्या संध्याकाळी ती बसकण मारते. झोपेचं गणित अजून बिघडलेलं, दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं ठणकतंय, खोलीत पंखासुद्धा नाही. पंख्याचा आवाज नाही, कुकरची शिट्टी नाही, रस्त्यावर रिक्षा नाही. रात्री दहा ते सकाळी सहा इमारतीत आवाज करायचा नाही. आपल्या मुलांना ही शांतता अक्षरशः टोचते. नेमक्या त्याच संध्याकाळी वर्गातली मुलं नदीकाठी जायला निघतात. "येतेस का?" असं एकदा विचारतात, फार तर दोनदा. त्या वेळी तुमची लेक खोलीत तुमच्याशी व्हिडिओवर बोलत असेल तर ती जाणार नाही. तुम्हाला खिडकी दाखवेल, पलंग दाखवेल, आजीला दाखवेल, आणि फोन ठेवल्यावर मजल्यावर कुणीच नसेल. मग विचारणारेही कमी होतात. फोन वाईट नाही हो. तो चुकीच्या वेळी येतो, एवढंच.

म्हणून वेळ आताच ठरवा. माझा अनुभव असा की तिथले दुपारचे दोन, म्हणजे इथले साडेपाच, ही वेळ सगळ्यांत बरी. तिचा वर्ग सुटलेला, जेवण झालेलं, संध्याकाळ अजून मोकळी. पंधरा मिनिटं. पहिला आठवडा व्हिडिओ नको, आवाज पुरे. चेहरा दिसला की दोघींनाही रडू येतं. सकाळी एक मेसेज तिने करायचा, "उठले" एवढाच. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मला परत यायचंय", तर लगेच तिकिटं बघायला घेऊ नका आणि "मी सांगत होते" हेही नको. विचारा, आज जेवलीस काय, उद्या वर्ग कितीला. आठव्या दिवशी ती साडेपाचला फोन उचलायला विसरेल. तेव्हा तुम्हाला लागेल थोडं, त्याची तयारी ठेवा.

फोनवर तिचा ठिपका नकाशात बघत बसण्याची सोय आहे, ती कृपा करून वापरू नका. एका वडिलांनी रात्री दीडला मला उठवलं होतं, मुलीचा ठिपका नदीच्या मधोमध आहे आणि हलत नाही म्हणून. ती पुलावर उभी राहून मैत्रिणींबरोबर आइस्क्रीम खात होती. खरं संकट आलं तर तिला ११२ हा नंबर माहीत असावा, पोलिसांसाठी ११०. तिथे तो फोन तुमच्यापेक्षा लवकर पोचतो.

बाकीचं पटापट. तिथलं प्रीपेड सिम घ्यायला पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते आणि त्यात कधी कधी दिवस जातो; पहिल्या आठवड्यासाठी इथूनच ई-सिम किंवा रोमिंग पॅक घेऊन ठेवा. भारतीय सिम बंद करू नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. रोख दीडशे-दोनशे युरो असावेत, आणि एक-दोन युरोची नाणी मोडून घ्यावीत; कपडे धुण्याच्या मशीनला आणि दुकानातल्या ट्रॉलीला ती लागतात. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, फोनच्या चार्जरच्या बारीक दोन पिना बसतात. ट्रॅममध्ये तिकिटाशिवाय सापडलं तर ६० युरो दंड, आणि "मला माहीत नव्हतं" ऐकून घेत नाहीत. सगळ्या देशातल्या बस, ट्रॅम आणि साध्या गाड्यांसाठी महिन्याचं डॉइचलंड-टिकेट मिळतं, जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरोंना आहे. वेगवान गाड्यांना चालत नाही. ते वर्गणीसारखं दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं आणि बंद करायचं तर त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. म्हणजे ऑगस्टचं घेतलं तर पहिल्याच आठवड्यात बंद करण्याचा अर्ज टाकून मोकळं व्हायचं, नाहीतर सप्टेंबरचे पैसे बडोद्यात बसून भरायचे. तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामाला तिथल्या पालिकेत नाव नोंदवावं लागत नाही. कुणा सीनियरने घाबरवलं असेल तर सोडून द्या, तो दोन वर्षांसाठी गेला होता.

एक इथलंच राहिलं. त्यांची सुट्टी ऑगस्टमध्ये, आपलं कॉलेज तेव्हा जोरात चालू. हजेरीसाठी विभागप्रमुखांची लेखी परवानगी निघण्याआधी घ्या. परतल्यावर मागायला गेलेल्यांची तोंडं मी पाहिली आहेत.

आणि तो किल्लीचा ई-मेल. आता इथे साडेपाच होत आले, म्हणजे तिकडे दुपारचे दोन. ऑफिसात अजून माणसं असतील. तिला आत्ताच लिहायला बसवा.